राणीबाग जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं?

शेवटची_लोकल
भायखळ्याची राणीबाग 1862 ची. तिथल्या जुन्या कमानीला नवा हात लागला की 'वारसा जपला' म्हणून सगळे खूश. माझ्या मते तिथला खरा वारसा झाडं आहेत. 286 जातींची, तीन हजारांच्या वर. कमान ढासळली तर तेच दगड पुन्हा रचता येतात. जुनी गोरखचिंच कुठल्या कंत्राटदाराकडून आणणार? म्हणून पैसा आधी झाडांना, मग वास्तूंना, प्राण्यांचे नवे पिंजरे सगळ्यात शेवटी.

लालबागची_सून
सपशेल असहमत. उर्वशीचं दुर्मीळ झाड बघायला किती जण येतात हो? आमच्या सासूबाई नातवंडांना घेऊन जातात त्या पेंग्विन बघायला. 2017 मध्ये तो कक्ष उघडला आणि पुन्हा रांगा लागल्या. मुंबईत एवढी मोकळी जागा टिकलीय ती लोक येतात म्हणून. वनस्पतीशास्त्राच्या प्रेमापोटी नव्हे.

खोडसाळ
लोक येतात मान्य, पण त्याच वर्षी तिकीट 5 वरून 50 झालं ना? दोन मुलांसह चौघांना 100. पेंग्विनला गारवा हवा, त्याचं बिल आपल्याकडून!

माती_आणि_मी
मुद्दा पिंजऱ्यांपेक्षा फरशीचा आहे. सुशोभीकरण म्हणून बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले की पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. खोडाशी भराव चढवला की साल कुजते. वरून झाड हिरवंगार, आणि एखाद्या पावसाळ्यात आडवं. मग पंचनाम्यात 'वादळी वारा'.

चुना_विटा
'वास्तू नंतर' हे मात्र पटत नाही. शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय आठवा. पाच वर्षं काम चाललं, 2005 चा युनेस्को पुरस्कार मिळाला, तेव्हा कुठे ते पुन्हा माणसात आलं. आणखी वीस वर्षं थांबलो असतो तर काय उरलं असतं? शिवाय झाडालाही आयुष्य असतं, ते काय अमर आहे?

शेवटची_लोकल
अमर नाही, म्हणूनच तर म्हणतोय. उर्वशीला बी क्वचितच धरतं, गुटी कलम बांधूनच, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडून, रोप करावं लागतं. म्हणजे जुनं झाड जिवंत असतानाच पुढचं तयार हवं. त्यासाठी रोपवाटिका आणि कायमस्वरूपी, जाणकार माळी पाहिजेत. पण माळ्याच्या पगाराचं उद्घाटन करता येत नाही, नारळ फोडायला कोण येणार?

लालबागची_सून
बांधा की गुटी, कोणी अडवलंय? पिंजरे शेवटी ठेवायला माझा विरोध कायम. वाघ-बिबट्यांना अंधाऱ्या कोठडीत ठेवून झाडांची सेवा नको. आणि पेंग्विनच्या रांगेत तासभर उभं राहावं लागतं, तिथल्या झाडांना मराठीत नावाच्या पाट्या लावा. आपोआप वाचतील लोक.

माती_आणि_मी
पाट्यांना +१. फक्त खिळे ठोकू नका.