प्रेअरी डॉगच्या वसाहतीचे निरीक्षण आणि तेथील आखूड गवत

प्रश्न:
जूनमध्ये आम्ही अमेरिकेच्या साउथ डकोटातील बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानात जाणार असून, सेज क्रीक रिम रस्त्यालगतची रॉबर्ट्स प्रेअरी डॉग (बिळांत राहणारा खारीच्या कुळातला प्राणी) वसाहत पाहण्याचा विचार आहे. छायाचित्रांत वसाहतीतले गवत जमिनीलगत कुरतडलेले आणि भोवतालचे मात्र उंच दिसते. हे माळरान खराब झाल्याचे लक्षण समजावे काय? तसेच, प्राणी बिळात पळून न जाता पाहायचे असतील तर काय करावे?

प्रतिसाद १:
सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जावे आणि इंजिन बंद करून गाडीतच बसावे. आरंभी इशाऱ्यांचा कलकलाट होईल, पण आपण हललो नाही तर तो ओसरतो. त्यानंतर सगळी वसाहत एकदम पाहू नका. एकच कुटुंब निवडा. काळ्या शेपटीच्या या जातीत सहसा एक प्रौढ नर, तीन-चार माद्या आणि त्यांची पिल्ले एकत्र राहतात; जूनमध्ये पिल्लेही बिळाबाहेर आलेली असतात. दोन प्राणी समोरासमोर आले की तोंडाला तोंड लावतात. त्यानंतर दोघेही निवांत चरू लागले तर ते बहुधा एकाच कुटुंबातले. पाठलाग सुरू झाला तर हद्द तेथेच आहे असे समजावे. अशा भेटी कागदावर टिपत गेल्यास, डोळ्यांना न दिसणाऱ्या हद्दींचा नकाशा हळूहळू तयार होतो. मला तरी यात सर्वाधिक आनंद वाटतो.

प्रतिसाद २:
गवताविषयी लिहितो. हे प्राणी गवत खातातच, शिवाय शत्रू दुरून दिसावा म्हणून उंच वनस्पती कापून नुसत्या टाकूनही देतात. कापलेल्या जागी फुटणारा कोवळा पाला अधिक पौष्टिक असल्याने बायसन (गव्यासारखा प्राणी) आणि प्राँगहॉर्न (हरणासारखा प्राणी) वसाहतीत चरायला येतात, आणि सोडून दिलेल्या बिळांत घुबडांची एक जात घरटे करते. त्यामुळे ‘खराब’ म्हणणे मला पटत नाही. मात्र एकूण चारा घटतो, ही पशुपालकांची तक्रार, विशेषतः अवर्षणाच्या वर्षी, निराधार नाही.

प्रतिसाद ३:
बिळे भरपूर आणि प्राणी एकही नाही, अशी जागा दिसली तर प्लेगची शंका घ्यावी. १८९६ साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात पसरलेल्या जागतिक साथीनेच १९०० मध्ये सान फ्रान्सिस्को गाठले. तेथून हा रोग पिसवांमार्फत रानटी कृंतकांत, म्हणजे उंदीर-खारींसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत, शिरला. प्रेअरी डॉगमध्ये प्रतिकारशक्ती जवळजवळ नसल्याने वसाहतीच्या वसाहती ओस पडतात. बॅडलँड्सला लागून असलेल्या कोनाटा खोऱ्यात २००८ साली तो पोहोचला. काळ्या पायांचे फेरेट (मुंगसासारखे दिसणारे लहान शिकारी प्राणी) तेथे पुन्हा सोडण्यात आले होते आणि त्यांचे मुख्य भक्ष्य प्रेअरी डॉगच असल्याने त्यांनाही फटका बसला. म्हणूनच तेथे बिळांत पिसवानाशक भुकटी टाकली जाते. आपणही बिळाच्या तोंडाशी बसू नये, मेलेल्या प्राण्याला हात लावू नये आणि मुलांना दाणे टाकू देऊ नये.