पांढरा पाइप तडकला, काळ्याला सोल्युशन धरेना

मोसंबीवाला_अंबड
विहिरीपासून बागेपर्यंत ६३ एमएमचा पांढरा पीव्हीसी चार वर्षांपूर्वी जमिनीवरूनच टाकला होता. परवा बैलाचा पाय पडला अन् काचेसारखा तडकला. तेवढ्या तुकड्यात घरात पडलेला काळा पाइप सोल्युशन लावून बसवला. सकाळी मोटर चालू केली तर जोड निसटला, सोल्युशन सायीसारखं सोलून हातात आलं. काळी ठिबकची नळी मात्र त्याच उन्हात सात वर्षं आहे, अजून वळते. वडील म्हणतात, प्लास्टिक ते प्लास्टिक. मला पटत नाही. कुणी सांगेल का?

वाळूज_एक्सट्रूडर
दादा, पाइपाच्या कारखान्यात १८ वर्षं मशीनवर होतो, म्हणून सांगतो. नाफ्था (कच्च्या तेलातून निघणारं पातळ तेल) किंवा नैसर्गिक वायूतले घटक ८०० अंशांच्या आसपास तापवले की इथिलीन निघतो. त्याचे रेणू साखळीसारखे जोडले की पॉलिइथिलीन, म्हणजे तुमचा काळा पाइप. पीव्हीसीत इथिलीनसोबत मिठापासून काढलेला क्लोरीन येतो, वजनात जवळपास ५७ टक्के. बराचसा फरक त्या क्लोरीननं पडतो.

आमच्याकडे पीव्हीसी मैद्यासारख्या भुकटीत यायचा. जास्त तापला की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटायची, डोळे चुरचुरायचे, लोखंड गंजायचं. म्हणून त्यात स्टॅबिलायझर घालतात. उन्हातही तेच होतं, फक्त सावकाश. वरचा पातळ थर आधी ठिसूळ होतो. तिथं चीर पडली की मार बसताच ती आरपार पळते. काळ्या पाइपात दोन-अडीच टक्के काजळी असते, ऊन ती शोषून घेते. म्हणून तो टिकतो.

सोल्युशन हा डिंक नाही. ते पीव्हीसीचा पृष्ठभाग विरघळवतं, दोन्ही तोंडं एकजीव होतात. पॉलिइथिलीन त्यात विरघळतच नाही, मग धरणार काय? त्याला उष्णतेनं वितळवून जोडतात, नाहीतर फिटिंग.

वडिलांना दाखवायचं तर दोन्हींचे तुकडे बादलीत बुडवा, आतली हवा जाऊ द्या. पीव्हीसी पाण्याच्या जवळपास १.४ पट जड, तळाला जाईल. काळा वर येईल.

अन् एक विनंती: तडकलेला पाइप बांधावर जाळू नका. तीच आम्लाची वाफ धुरात येते, घरचीच माणसं ती हुंगतात.

परळी_प्लंबर
पांढऱ्याकडून एमटीए, म्हणजे बाहेरून आटे असलेला पीव्हीसीचा जोड, सोल्युशननं बसवा, काळ्याला आतून आटे असलेलं कॉम्प्रेशन फिटिंग, म्हणजे नट आवळून पाइप पकडणारा जोड. मधे टेफलॉन टेप. नवीन लाइन नांगराच्या खाली, दोन फूट तरी गाडा. वरच राहणार असेल तर फिकट रंगाचा, पाण्यात कालवायचा पेंट मारा. ऑइल पेंट नको.

लातूरची_सुनीताताई
विषय निघालाच आहे तर विचारते. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आम्ही भंगारातून निळा ड्रम घेतला होता. अजून वापरतो. प्यायचं पाणी चालेल?

वाळूज_एक्सट्रूडर
ताई, तो ड्रम एचडीपीई, म्हणजे पॉलिइथिलीनचाच एक प्रकार, प्लास्टिक म्हणून चांगलं. पण आधी आत काय होतं ते कळलं पाहिजे. पॉलिइथिलीन तेलकट रसायनं अन् वास अंगात मुरवून घेतं, कितीही घासा, पूर्ण जात नाही. माहिती नसेल तर धुण्या-भांड्याला ठेवा. प्यायला नको.

मोसंबीवाला_अंबड
बादली केली. पाइपाचा पांढरा तुकडा खाली, काळा वर. वडिलांनी मग चपलेचा पट्टा, दुधाच्या कॅनचं पांढरं झाकण, फुटकं घमेलं, सगळं टाकून बघितलं. झाकण तरंगलं. संध्याकाळी एमटीए आणायला अंबडला तेच गेले.