मदत हवी आहे : वडिलांच्या डिस्चार्ज बुकात १९७१ ची मेडल्सच नाहीत

नमस्कार मंडळी. वडील पायदळात होते, वय ७८. नाशिकरोडला राहतो म्हटलं की जो तो आर्टिलरी सेंटरकडे बोट दाखवतो, पण ते तोफखान्यात नव्हते हो!

१९७१ च्या युद्धात त्यांची पलटण पूर्व आघाडीवर, बांगलादेशात आत गेली होती. तरी डिस्चार्ज बुकात (सैन्यातून निवृत्त होताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) फक्त स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल नोंदलंय. 'पूर्वी स्टार' (पूर्व आघाडीवर असलेल्यांचं मेडल) आणि 'संग्राम मेडल' (१९७१ च्या युद्धाचं), दोन्ही गायब. पलटणीतल्या त्यांच्या मित्राच्या बुकात मात्र दोन्ही आहेत.

सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला साध्या पोस्टाने पत्र पाठवलं, आठ महिने झाले, उत्तर नाही. (पोचपावती मिळेल अशा पोस्टाने पाठवायला हवं होतं, चूक माझीच.)

आता अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवावा की थेट? माहिती अधिकारात सर्व्हिस रेकॉर्डची नक्कल कोणी मागवली आहे का? मित्राचं प्रतिज्ञापत्र जोडलं तर चालतं का? आणि नोंद झाल्यावर मेडल आपोआप मिळतं की वेगळी मागणी करावी लागते?

दादा (म्हणजे वडीलच) म्हणतात, "राहू दे, आता काय करायचंय." पण दर १६ डिसेंबरला कोटावर एकच मेडल लावतात, ते बघवत नाही.