जुनं लाकूड फोडायचं हायड्रॉलिक मशीन: ५ एचपी मोटरवर '१५ टन' खरं असेल का?

ओंडका_मुलुंड
नमस्कार मंडळी. बेकऱ्यांनी लाकूड-कोळसा सोडून गॅस किंवा विजेवर यावं असा उच्च न्यायालयाचा जानेवारी २०२५ चा आदेश आला. त्यानंतर रे रोडच्या एका वखारमालकांनी त्यांचं ओंडके फोडायचं मशीन विकायला काढलंय. कर्जतच्या शेतावर वापरायचा विचार आहे. लाकूड सुबाभूळ, आंबा आणि थोडी निलगिरी, तुकडे ४०-४५ सेंमीचे.

मशीन आडवं आहे. सिलेंडरचा बोअर (आतला व्यास) १०० मिमी, रॉड ५० मिमी, स्ट्रोक ६०० मिमी. मोटर ५ एचपी थ्री फेज, १४४० आरपीएम. टाकी २५ लिटरची. पंपावरची प्लेट गेलेली आहे. मालक '१५ टन' सांगतात. व्हिडिओत रॅम (ओंडका ढकलणारा दांडा) रिकामा पुढे जायला १३ सेकंद घेतो, मागे यायला १०. रॉडच्या तोंडाशी तेलाचा ओलावा दिसतो. प्रत्यक्ष बघायला जाताना काय काय तपासू?

गियरपंप
जायच्या आधी गणित करा, कारण तुम्ही दिलेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

१०० मिमी बोअरचं क्षेत्रफळ ७८.५ चौ. सेंमी. १५ टनांच्या आसपास जायला दाब १७५ ते १९० किलो (दर चौ. सेंमीला, म्हणजे जवळपास तेवढेच बार) हवा. आता वेग बघा. ६० सेंमी स्ट्रोकला ४.७ लिटर तेल लागतं. ते १३ सेकंदांत जातंय म्हणजे मिनिटाला जवळपास २२ लिटर. १४४० आरपीएमला एवढं तेल १६ सीसीचा गियर पंप देतो. मिनिटाचे लिटर गुणिले बार, भागिले ६००, की किलोवॅट मिळतात. या पंपाला १७५ बारवर नेलं तर सुमारे ६.७ किलोवॅट होतात. पंपाचं घर्षण धरलं तर मोटर १० एचपीची लागेल, तुमच्याकडे ५ आहे. म्हणजे पूर्ण लोडला मोटर ८०-८५ किलोपर्यंतच रेटेल आणि जोर निघेल साडेसहा टनांचा. फोडताना दाब सेकंद-दोन सेकंदच चढतो, म्हणून मोटर थोडा जास्त भार सोसते. पण दुप्पट नाही.

पंप दोन टप्प्यांचा, म्हणजे हाय-लो असेल तर मात्र दोन्ही गोष्टी खऱ्या ठरू शकतात. त्यात रिकाम्या चालीला दोन्ही गियर तेल देतात आणि भार आला की मोठा गियर सुटा होतो. असा पंप लांबीला जास्त असतो, बॉडीचे दोन भाग दिसतात.

जाताना ० ते २५० किलोचं ग्लिसरीनचं गेज, त्याला बसणारी टी (तीन तोंडांचा जोड) आणि टाँग टेस्टर (तारेभोवती लावून अँपियर मोजायचा चिमटा) न्या. गेज पंप आणि व्हॉल्व्हच्या मधे लावा. रॅम पूर्ण पुढे जाऊन थांबला की लिव्हर दोन-तीन सेकंदच दाबून ठेवा आणि गेज व अँपियर दोन्ही वाचा. जास्त वेळ धरलंत तर सगळी शक्ती रिलीफ व्हॉल्व्हमधून (जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) तेल तापवण्यातच जाते. ५ एचपीचा पूर्ण भार साधारण साडेसात अँपियर. ही चाचणी गार मशीनवर एकदा आणि अर्धा तास चालवून पुन्हा करा. झिजलेला पंप गार तेलावर चांगला चालतो. तेल तापून पातळ झालं की आतल्या आत गळायला लागतो. त्यामुळे पाच मिनिटांच्या डेमोवर व्यवहार करू नका.

सीलकिट
रॉडच्या तोंडाचा ओलावा म्हणजे ग्लँडचं सील. ते स्वस्तात होतं. पण सील का गेलं ते बघा. रॉड पूर्ण बाहेर काढून नखाने चाचपा. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत रॉड बाहेर ठेवून मशीन पडून राहिलं की क्रोमवर बारीक खड्डे पडतात. नख अडलं तर नवीन सील महिन्याभरात परत कापलं जाणार. मग रॉड नव्याने हार्ड क्रोम करणं किंवा बदलणं आलं, आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी व्हायला हवी. मशीन ठेवताना रॉड नेहमी आत घेऊन ठेवायचा, पावसाळ्यात तर नक्कीच.

पिस्टनचं सील वेगळं तपासा. रॅम पूर्ण पुढे न्या, मोटर बंद करा, लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब सोडा. रॉडबाजूचा होज काढून होजच्या तोंडाला प्लग लावा. सिलेंडरच्या उघड्या पोर्टखाली बादली ठेवा, माणसं बाजूला करा. मोटर चालू करून लिव्हर क्षणभर पुढे दाबा. पोर्टमधून धार लागली तर पिस्टन सील गेलंय. रॅम मागे असताना हा प्रयोग करू नका, रॉडबाजूचं सगळं तेल बाहेर येईल. होजवर बारीक फवारा दिसला तर बोट लावू नका, पुठ्ठा फिरवून बघा. त्या दाबाचं तेल कातडीखाली शिरतं. जखम सुईच्या टोचण्याएवढी दिसली तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं असतं.

सील किट नागदेवी स्ट्रीटला मिळेल, पण जुनी सीलं काढून नमुना घेऊनच जा. बोअर आणि रॉडच्या मापासोबत खाचेची रुंदी आणि खोलीही लागते.

पाचर_आणि_बीम
वेल्डिंग बघायला विसरू नका. पाचरीचा तळ आणि बीमचं टोक इथे तडे जातात. रंग खरवडून रॉकेल लावा, पुसून कोरडं करा आणि खडूची पूड भुरभुरवा. तडा असेल तर रॉकेल परत वर येऊन रेघ उमटते. रॅमच्या ढकलपट्टीखाली २-३ मिमीहून जास्त फट असेल तर भार आला की ती मागून उचलली जाते आणि रॉड वाकतो.

लिव्हर तारेने बांधलेला दिसला किंवा पुढच्या चालीत सोडल्यावर आपोआप मधे आला नाही, तर व्हॉल्व्ह दुरुस्त होईपर्यंत मशीन वापरू नका. आणि ओंडका ठेवणारा व लिव्हर ओढणारा माणूस एकच असू द्या. दोघांत काम वाटलं की बोटं जातात.

ओंडका_मुलुंड
जाऊन आलो. पंप एकाच टप्प्याचा आहे. गार असताना १२० किलो आणि १० अँपियर. अर्ध्या तासाने ९५ किलो. पोर्टमधून थेंब-थेंबच आलं, धार नाही. रॉड गुळगुळीत आहे, तडे नाहीत. तेल मात्र ताकासारखं पांढुरकं.

गियरपंप
मग सिलेंडर चांगला आहे. १२० किलोला जोर झाला ९.४ टन, तोही मोटरवर तिसरा हिस्सा जादा भार टाकून. तापल्यावर दाब पडतोय म्हणजे पंप झिजलाय किंवा रिलीफ व्हॉल्व्हची सीट. गरम असताना गेज लावून रिलीफचा स्क्रू अर्धा फेरा आत घेऊन बघा. दाब चढला तर रिलीफ, नाही चढला तर पंप. बघून झालं की स्क्रू परत होता तिथे आणा.

पंप बदलायचाच असेल तर १६ ऐवजी ८ सीसीचा घाला. रॅमला २६-२७ सेकंद लागतील, पण हीच मोटर १७५ किलोपर्यंत रीतसर नेईल. टाकीही पंपाच्या मिनिटाच्या तेलाच्या दुप्पट होते, तेल कमी तापेल. तरी रिलीफ आधी १४० ला ठेवा. त्यावर ११ टन मिळतात. हा बीम आजवर साडेनऊच्या वर गेलेला नाही, त्याला एकदम १४ टन देऊ नका. तुमच्या मापाच्या सुबाभळीला आणि आंब्याला ११ टन बऱ्यापैकी पुरतात. निलगिरी ओली असतानाच फोडा, वाळली की तिचा पीळ सुटत नाही.

पंप जोडताना मोटर आणि पंप जोडणाऱ्या लव्हजॉय कपलिंगचं रबर नवीन घाला. कर्जतला लाइन जोडल्यावर कपलिंग सुटं ठेवून मोटर क्षणभर फिरवून दिशा बघा. फेज उलटे लागले आणि पंप उलटा फिरला तर त्याचं शाफ्ट सील लगेच बाहेर येतं.

सीलकिट
पांढुरकं तेल म्हणजे पाणी शिरलंय. टाकी, होज आणि सिलेंडर सगळं रिकामं करा. नुसती टाकी बदललीत तर सिलेंडरमधलं चार-पाच लिटर खराब तेल परत मिसळतं. सक्शनची जाळी धुवा, रिटर्न फिल्टर आणि टाकीची ब्रीदर टोपी (हवा आत-बाहेर जाऊ देणारी) नवीन घ्या. पाणी बहुतेक त्या टोपीतूनच गेलंय. तेल ६८ ग्रेडचं, सर्वो सिस्टिम ६८ किंवा एन्क्लो ६८, दोन्ही मिसळू नका. भरल्यावर रिकाम्या रॅमच्या दहा-बारा चाली करा आणि पातळी रॅम आत असताना बघा. फेस आला तर सक्शनच्या क्लॅम्पमधून हवा ओढली जातेय.