आरएसव्ही : जी जनुकात एकाच पट्ट्यात गोंधळ, मदत हवी आहे (तातडीने)

कोरांटी
आरएसव्हीचे (लहान मुलांना श्वसनाचा त्रास देणारा विषाणू) नमुने आहेत, सगळे दोन वर्षांखालच्या मुलांचे. पूर्ण जीनोम सिक्वेन्स केलाय. बाकी सगळं ठीक, पण जी जनुकाच्या शेवटाकडे एका ठिकाणी कव्हरेज (त्या जागेवर बसलेल्या रीड्सची, म्हणजे वाचलेल्या छोट्या तुकड्यांची संख्या) एकदम दुप्पट होतं आणि नेमकी तिथेच मिश्र अक्षरं दिसतात. एकाच जागी अर्ध्या रीड्समध्ये सी, अर्ध्यांत टी. कन्सेन्सस (सगळ्या रीड्समधून ठरणारा एकच क्रम) काढला की त्या पट्ट्यात नुसते एन, म्हणजे अक्षर ठरतच नाही. आणि हे एकदोन नमुन्यांत नाही, ३१ पैकी ३१ मध्ये! तीन दिवस गेले यात. परवा गाइडना वंशवृक्ष दाखवायचाय. कंटॅमिनेशन (नमुन्यांतली भेसळ) समजून तेवढा भाग कापून टाकू का? कृपया नेमकं सांगा, सिक्वेन्सिंग म्हणजे काय इथपासून सुरुवात नको.

आडवाटेचा
कंटॅमिनेशनच आहे. मिश्र अक्षरं म्हणजे एका नळीत दोन विषाणू, दुसरं काय असणार? आमच्याकडे एकदा एका पिपेटपायी अख्खी प्लेट वाया गेली, तेव्हापासून मी आधी तिकडेच बघतो. आरएनए परत काढ, रीएजंट नवे उघड, टिप्सचा डबासुद्धा बदल. कापाकापी करून झाड लावू नकोस.

रेघोट्या
परत आरएनए काढण्याआधी थांब. दोन विषाणू मिसळले असते तर मिश्र अक्षरं १५ हजारांच्या जीनोममध्ये जागोजागी विखुरलेली दिसली असती. ती एकाच पट्ट्यात का कोंबून बसतील?
कोरांटी, नमुने ए उपगटाचे आहेत की बी? रेफरन्स (ज्या जीनोमवर रीड्स बसवतेस तो) कुठला? पट्टा किती अक्षरांचा? रीडची लांबी?

कोरांटी
निगेटिव्ह कंट्रोल (मुद्दाम विषाणूविना ठेवलेली नळी) स्वच्छ आहे, ते पहिल्याच दिवशी बघितलं. रीड १५० चे. रेफरन्स नेहमीचाच. ए-बीचा काय संबंध? किट दोन्ही पकडतं. आरएसव्ही पॉझिटिव्ह आले, सिक्वेन्स केले.

तान्हुलीची_आई
तुमची भाषा मला फारशी कळत नाही, तरी विचारते. माझ्या मुलीला सहाव्या महिन्यात आरएसव्ही झाला होता, पाच दिवस ऑक्सिजनवर होती. आता दीड वर्षाची आहे आणि परत तोच रिपोर्ट आलाय. विषाणू इतका बदलला का, की तिच्या शरीराला तो ओळखूच येत नाही?

बालरोग_निवृत्त
ताई, परत होण्यासाठी विषाणू बदलावाच लागतो असं नाही. या विषाणूविरुद्ध नाकातली प्रतिकारशक्ती फार दिवस टिकत नाही. दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला हा एकदा तरी गाठतो, आणि पुढेही आयुष्यभर अधूनमधून भेटत राहतो. पहिल्या सहा महिन्यांत धोका जास्त, कारण बाळाच्या बारीक श्वासनलिका सुजल्या की हवेला वाटच उरत नाही. दुसरी खेप बहुतेक वेळा सौम्य जाते. पण बरगड्यांखाली खड्डा पडताना दिसला, श्वास जलद झाला किंवा तिने दूध-पाणी सोडलं, तर इथे उत्तराची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

दशमान
काका, बदलतोच की. २०२२ मध्ये वॉर्ड कसे भरले होते आठवा. कोविडच्या काळात दडून बसला, नवा अवतार घेऊन आला. फ्लूसारखे जीनोमचे तुकडे अदलाबदल केले असणार.

रेघोट्या
दशमान, इथे असहमत. इन्फ्लुएन्झा ए चा जीनोम ८ तुकड्यांत असतो म्हणून तुकड्यांची अदलाबदल होते. आरएसव्हीचा एकसंध धागा आहे, १० जनुकं एका ओळीत. अदलाबदलीला तुकडेच नाहीत. तो बदलतो तो नक्कल करताना होणाऱ्या चुकांनी, कारण त्याच्या पॉलिमरेजला (नक्कल करणाऱ्या एन्झाइमला) चूक तपासून दुरुस्त करता येत नाही.
२०२२ चं म्हणशील, तर अमेरिकेतल्या त्या लाटेतले जीनोम झाडावर बसवल्यावर अनेक वेगवेगळ्या, आधीपासूनच्या फांद्यांवर गेले. नवा अवतार असता तर सगळे एकाच ताज्या फांदीवर लटकले असते. ऑस्ट्रेलियात चित्र थोडं निराळं होतं. तिथे निर्बंधांच्या काळात बरेच वंश नाहीसे झाले आणि उरलेल्या मोजक्यांनी नंतरची लाट आणली. तेही जुन्यांचेच वारस. निर्बंधांच्या काळात मुलांची विषाणूशी फारशी गाठच पडली नव्हती, म्हणून एकदम इतकी आजारी पडली.

आडवाटेचा
तुकड्यांबद्दल रेघोट्याशी सहमत. पण मूळ प्रश्नावर मी अजून ठाम आहे. एका कंट्रोलवर विसंबू नये.

रेघोट्या
कोरांटी, "नेहमीचाच" म्हणजे कुठला? नाव लिही. आणि पट्टा मोज.

कोरांटी
ए-टू. सगळे तोच तर वापरतात! पट्टा ७० च्या आसपास भरतो. आता तरी सांगा.

रेघोट्या
मग सापडलं. ए-टू हा १९६१ मध्ये वेगळा केलेला स्ट्रेन. तुझ्या मुलांमधला विषाणू त्याच्याहून ७२ अक्षरांनी लांब आहे.
२०१०-११ च्या हिवाळ्यात कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये ए उपगटाचा एक प्रकार सापडला. त्याच्या जी जनुकात शेवटाकडची ७२ अक्षरं दोनदा लागोपाठ आली होती. नाव ऑन-वन. काही वर्षांत जगभर ए म्हणजे जवळजवळ हाच, असं झालं. त्याआधी १९९९ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये बी उपगटात नेमकं असंच दिसलं होतं, तिथे ६० अक्षरं दोनदा, नाव बीए. म्हणजे दोन्ही उपगटांत एकाच जनुकाच्या जवळपास त्याच भागात स्वतंत्रपणे एकच गोष्ट घडली, आणि दोन्ही वेळा त्यांनी जुन्या भावंडांना मागे टाकलं. जी हे पेशीला चिकटणारं प्रथिन. बीएच्या वाढीव तुकड्यामुळे ते जास्त चांगलं चिकटतं, असं प्रयोगात दिसलंय. मला स्वतःला या विषाणूतली ही सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते.
आता तुझा कव्हरेजचा उंचवटा. विषाणूत त्या तुकड्याच्या दोन प्रती आहेत, ए-टू मध्ये एकच. दोन्ही प्रतींमधले रीड्स त्या एकाच जागेवर येऊन बसतात, म्हणून कव्हरेज दुप्पट. जोड तयार झाल्यावर दोन्ही प्रतींत पुढे वेगवेगळे बदल साचत गेले, म्हणून अर्धे सी, अर्धे टी. पट्ट्याच्या कडेचे रीड्स बघ, टोकं कापलेली दिसतील.
कापून टाकू नकोस, झाडासाठी तोच भाग सगळ्यात बोलका आहे. नेक्स्टक्लेडवाले (विषाणूंचे वंश ओळखणारं सॉफ्टवेअर) ए साठी वापरतात तो इंग्लंडचा २०१७ चा जीनोम रेफरन्स म्हणून घे. आणि सुरुवातीला एकूण नमुने किती होते?

कोरांटी
३८. सातांचं कव्हरेज तुटक होतं, आरएनए खराब झालाय समजून बाजूला ठेवले. त्याचा इथे काय संबंध?

रेघोट्या
त्या सातांची सीटी व्हॅल्यू (पीसीआरचा आकडा, जितका कमी तितका आरएनए जास्त) किती?

कोरांटी
१९ ते २२.
अरे. म्हणजे आरएनए भरपूर होता.

रेघोट्या
ते सात बी असतील. ए च्या रेफरन्सवर बी चे रीड्स फक्त जिथे दोघं सारखे आहेत तिथे बसतात, आणि जी मध्ये तर फारच वेगळे आहेत. त्यांना बी चा रेफरन्स दे, ऑस्ट्रेलियाचा २०१९ चा आहे.

बालरोग_निवृत्त
विचारलं नाहीस तरी सांगतो, पोरी. बी सापडले तर एफ प्रथिनही (विषाणूला पेशीत शिरू देणारं) बघ, विशेषतः १७२ आणि १७३ या जागा. सप्टावुमॅब नावाची अँटिबॉडी मोठ्या चाचणीत अपयशी ठरली, कारण फिरत्या बी विषाणूंत नेमक्या त्या दोन जागा बदलल्या होत्या. एफ एकूण स्थिर असतं, म्हणून तर लशी आणि निरसेविमॅब ही अँटिबॉडी त्यावरच बेतलेत. पण दोन अमिनो आम्लांच्या फरकाने एवढं काम वाया जाऊ शकतं. १९६० च्या दशकात फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची लस दिलेली मुलं नंतर खऱ्या संसर्गात जास्त आजारी पडली, दोन दगावली. तेव्हापासून या रोगावर काही हाती लागावं म्हणून आमची पिढी वाट बघत होती. तुझ्यासारख्यांनी हे बदल मोजत राहणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

तान्हुलीची_आई
डॉक्टरकाका, आभार. श्वास मोजला, ठीक आहे, दूधही घेतेय.

कोरांटी
रात्रभर बसून केलं. ३१ ए : उंचवटा गेला, मिश्र अक्षरं गेली, ७२ चा जोड सगळ्यांत स्पष्ट. उरलेले सातही उघडले, सातही बी, सगळ्यांत ६० चा जोड आहे. एफमध्ये १७२ ला क्यू, १७३ ला एल, म्हणजे काकांनी सांगितलेले बदल.
रेघोट्या, सुरुवातीला विचारलेलं नीट सांगितलं असतं तर वेळ वाचला असता, चूक माझी. ए आणि बी ची झाडं वेगवेगळी लावू ना?

रेघोट्या
हो, वेगवेगळी. आणि अलाइनमेंट (सगळे क्रम एकाखाली एक जुळवणं) झाल्यावर जी चा तेवढा भाग डोळ्यांनी तपास. कधीकधी प्रोग्राम ७२ ची पोकळी दोनतीन तुकड्यांत फोडतो.