मदत हवी आहे: पेडल स्टीलची तार सारखी तुटतेय आणि मास्तर काही बदलू देत नाहीत (अर्जंट)

प्लेनोचा_बंड्या
मंडळी पटकन सांगा, वेळ नाहीये. पुढच्या शनिवारी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम आहे, बायको भूपातला अभंग म्हणणारे आणि मी मागे पेडल स्टील धरणारे. आठ दिवसांत तिसरी तार पाच वेळा तुटली. काल तर टण्णकन तुटून मनगटावरच बसली. बी पेडल काढूनच टाकावं म्हणतोय, भूपात तसंही ते लागत नाही, उलट चुकून पाय पडला की वाट लागते. पण माझे मास्तर (इथलेच टेक्ससचे, सत्तरीच्या पुढचे, आयुष्य डान्स हॉलमध्ये वाजवण्यात गेलं) म्हणतात गिटारीच्या पोटात हात घालायचा नाही, आधी दोनशे कंट्री गाणी पाठ कर मग अक्कल शिकव. रॉड मीच काढला तर काही बिघडेल का? आणि परंपरा परंपरा म्हणून माणसाने ऐकायचं तरी किती?
कृपया हवाईयन गिटारचे व्हिडिओ टाकू नका.

सोलापुरी_शेंगा
पेडलमुळे तार कशी तुटेल? पेडल तर आवाज बदलतं फक्त. माझ्या भाच्याच्या डिस्टॉर्शन पेडलला चुकीचा अडॅप्टर लावला होता तर नुसती घरघर यायची. ९ व्होल्टचाच आहे ना ते बघा आधी.

प्लेनोचा_बंड्या
अहो ते पेडल नाही हो. हे टेबलासारखं असतं, बसून वाजवायचं, दहा तारा, डाव्या हातात लोखंडी बार, उजव्या हातात नख्या, उजवा पाय आवाजाच्या पेडलवर, डावा पाय खालच्या तीन पेडलांवर (ए, बी, सी) आणि गुडघ्यांच्या आजूबाजूला लीव्हर. पेडल दाबलं की पोटातला रॉड ओढला जातो आणि ठराविक तारच वर चढते, बाकीच्या जागच्या जागी. अडॅप्टरचा संबंध नाही. ज्यांना माहितीये त्यांनीच लिहा प्लीज.

जुनीगाणी_काका
व्हिडिओ टाकत नाही, पण हवाईयनशिवाय हा विषय सुरूच होत नाही. गिटार आडवी ठेवून पट्टीने वाजवायचं श्रेय ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकूला देतात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा काळ. १९४० च्या दशकात टाउ मो हा हवाईयन वादक कुटुंबकबिल्यासकट कलकत्त्यात राहिला आणि तिथे लोकांना हे वेड लागलं. आपल्या मुंबईत व्हॅन शिप्ली, हजारा सिंग, काय ती मंडळी! आमच्या चाळीत रेडिओवर हजारा सिंग लागले की खालच्या मजल्यावरचे पण नळ बंद करायचे. ब्रिजभूषण काब्रांनी त्याच गिटारवर राग वाजवले, १९६७ ची कॉल ऑफ द व्हॅली ऐका. त्यांना नाही लागली हो पेडलं. मींड बारनेच काढायची, पायाने नाही.

प्लेनोचा_बंड्या
काका 🙏 पण माझी तार.

पेटीमास्तर
मास्तरांचं ऐका. इतकंच सांगतो. गुरूने हात लावू नको म्हटलं की लावायचा नाही. आमच्या वेळी सहा महिने नुसते अलंकार घोटून घेतले, तेव्हा कुठे पहिला राग. आता सहा महिन्यांत स्टेजवर जायचंय आणि वाद्यही स्वतःच्या सोयीने कापायचंय. उद्या पेटीतला मध्यम काढून टाकाल का, भूपात लागत नाही म्हणून?

उडती_तबकडी
पेटीमास्तर तुमच्याबद्दल आदर आहे पण तुम्ही हे बोलावं? १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवरच बंदी घातली होती, मींड निघत नाही, श्रुती बरोबर नाहीत, परदेशी वाद्य वगैरे म्हणून, आणि ती उठायला १९७१ उजाडलं. तेव्हाच्या परंपरावाल्यांचं ऐकलं असतं तर तुमचा आयडी आज काय असता? (दिवे घ्या)
बंड्या, काढ रॉड. त्या वाद्याची परंपरा आहेच केवढी? १९५४ मध्ये वेब पिअर्सचं स्लोली हे कंट्री गाणं आलं, त्यात बड आयझॅक्सने सूर चालू असतानाच पेडल दाबलं आणि वाजता सूर नुसता वर सरकला. ते ऐकून अमेरिकेतले स्टीलवाले पेडल बसवायला पळाले. म्हणजे तुझ्या मास्तरांच्या लहानपणीची गोष्ट, त्याला परंपरा म्हणतात होय.

पेटीमास्तर
बंदी चुकीची होती म्हणून सगळेच नियम चुकीचे होत नाहीत. आणि आयडीवर येऊ नका.

खमंग_चिवडा
🍿 घेऊन बसलेय.

नॅशव्हिलकरीण
मी नऊ वर्षं वाजवते, हौशीच आहे पण रोज. बंड्या, माहिती अर्धवट दिली आहेस. ट्यूनिंग ई नाइन की सी सिक्स? तार किती नंबरची? तुटते कुठे, चेंजरच्या बोटावर (पेडल दाबलं की फिरून तार ओढतो तो तुकडा) की खुंट्यांच्या बाजूला? नुसती बसल्या बसल्या तुटते की पेडल दाबल्यावर? पेडलांचा क्रम एमन्स पद्धतीचा की डे पद्धतीचा? हे कळल्याशिवाय रॉडला हात लावू नकोस. मास्तर म्हणाले म्हणून नाही, तुला अजून कारणच माहीत नाही म्हणून.

प्लेनोचा_बंड्या
ई नाइनच, दुसरं काय असणार. तिसरी तार ११ ची. चेंजरच्या बोटावरच तुटते, बी दाबलं की. ए पेडल सगळ्यात डावीकडे, म्हणजे एमन्स असेल बहुतेक.
भूपासाठी हे वाद्य म्हणजे लॉटरी आहे हो. मोकळ्या तारांवर सा रे ग प सगळे हजर, ए दाबलं की प चा ध होतो आणि सोडलं की परत प. नुसत्या डाव्या पायावर अख्खा भूप. फक्त शेजारचं बी दाबलं गेलं की ग चा म होतो, आणि कंट्रीमध्ये ए बी दोन्ही एकदम दाबायची सवय लावलीये मास्तरांनी, त्यामुळे दर दुसऱ्या ओळीला मध्यम घुसतो आणि बायको माइकसमोरून वळून बघते.

इंजिनीअर_भाऊ_पिंपरी
सोप्पंय. ११ ची तुटते तर १२ किंवा १३ ची लावा. जाड तार जास्त लोड घेणार, साधं लॉजिक. आम्ही कंपनीत वायर रोप असंच सिलेक्ट करतो.

नॅशव्हिलकरीण
भाऊ, वायर रोपला ठराविक सुरात गायचं नसतं. तार जाड केली की त्याच सुरासाठी ताणही त्याच मापात जास्त द्यावा लागतो, त्यामुळे फायदा शून्य. तार तुटायची हद्द ठरते तिच्या लांबीवर आणि सुरावर. या गिटारीची लांबी साधारण सव्वाचोवीस इंच, तेवढ्या लांबीची पोलादी तार बी पेडल दाबून काळी चारची पांढरी सहा होते तेव्हाच हद्दीजवळ पोचलेली असते. म्हणून सगळ्यांचीच तिसरी तार आधी जाते, मीही पाकिटात चार-पाच ठेवते. पण आठ दिवसांत पाच? बंड्या, चेंजरच्या बोटाच्या माथ्यावर खाच पडलीये का ते नख फिरवून बघ. आणि सगळ्या तारा नेमक्या कोणत्या सुरात लावल्या आहेस? वहिनींचा सा कोणता?

कोल्हापूर_रिटर्न
लेका बंड्या तू आणि गिटार, शाळेत ढोल पण धड वाजवला नाहीस की रं. पायाने वाजवायचं म्हटल्यावर आठवलं, संगीत नाटकात पायपेटी असायची, खाली दोन पावट्या, भाता पायाने मारायचा. आजोबा सांगायचे, ऑर्गन सुरू झाला की पिटातली गडबड थांबायची. तिकडे परंपरावाले काय म्हणत असतील तेव्हा, सारंगी सोडून हे पायाने हाणायचं काय आलं.

उडती_तबकडी
हेच तर! आणि ई नाइनमध्येच बघा, वरच्या दोन तारा मुळात नव्हत्या, बडी एमन्स या स्टीलवादकाने घातल्या. आधी एकाच पेडलवर जे दोन बदल एकदम व्हायचे ते ए आणि बी असे वेगळे केले गेले, तिथेही त्याचं नाव घेतात. बंड्या ज्या ए पेडलवर धैवत काढतोय ते बंडखोरीतूनच आलंय. न्यू जर्सीचा रॉबर्ट रँडॉल्फ घ्या, ज्या चर्चमध्ये वाढला तिथे प्रार्थनेत स्टील वाजते, १९३० च्या दशकापासूनची परंपरा आहे ती, कंट्रीशी काही देणंघेणं नाही. सुझन अल्कॉर्न ह्यूस्टनच्या बारमध्ये कंट्री वाजवायची, पुढे पियाझोलाचे टँगो याच वाद्यावर वाजवले. नायजेरियात किंग सनी अडेच्या बँडमध्ये पेडल स्टील. कोणाकोणाला दोनशे कंट्री गाणी पाठ करायला लावणार?

पेटीमास्तर
आता तुम्हीच लिहिलंत की ती बाई आधी बारमध्ये कंट्री वाजवायची. आधी! एमन्स काय पेडल काढून शिकला? आहे ते सगळं हातात आल्यावर बदललं त्यांनी. बंड्याला पाय आवरत नाही म्हणून पेडल काढायचंय. याला नवता नाही म्हणत, आळस म्हणतात.

खमंग_चिवडा
+१ पेटीमास्तर. हे मात्र लागलं.

उडती_तबकडी
घरच्या कार्यक्रमाला कसली नवता आणि कसला आळस. माणसाला शनिवारी अभंगाला साथ करायचीये.

प्लेनोचा_बंड्या
आळशी नाहीये मी, रोज ऑफिसातून आलो की दोन तास बसतो. असो.
नॅशव्हिलकरीणताई, खाच नाही, बोट गुळगुळीत आहे. सा पांढरी चार. सगळ्या तारा अर्धा स्वर वर चढवल्यात, ते तर करावंच लागतं ना, नाहीतर मोकळ्या तारा तिच्या पट्टीत कशा येणार? मोकळ्या छेडल्या की तानपुऱ्यासारखं छान भरतं.

नॅशव्हिलकरीण
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं रे बाबा!!
तू तिसरी तार बसल्या जागीच पांढरी सहाला नेऊन ठेवलीस, म्हणजे एरवी बी दाबून जिथे पोचते तिथे. वरून बी दाबलंस की ती काळी पाचला जाते आणि तेवढं त्या लांबीत पोलादाला झेपत नाही. मास्तर, पेडल, परंपरा कोणाचाच दोष नाही यात.
आज हे कर. सगळ्या तारा परत खाली, सा पांढरी तीन. मग बार पहिल्या फ्रेटवर ठेव, दहाही तारा पांढरी चारमध्ये आल्या. तशाच छेड, तानपुऱ्याचा भास तसाच येईल, वर बार हलका हलवलास तर मोकळ्या तारेत नसलेला जिवंतपणा येईल.
दुसरं, गांधार. तिसरी आणि सहावी तार ट्यूनरच्या शून्यावर लावत असशील तर थांब. षड्ज शून्यावर ठेव आणि गांधार चौदा-एक सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) उतरव, तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येतो तिथे. इकडचे जुने कंट्रीवालेही गांधार असाच उतरवून कानाने लावतात, त्यांना श्रुती शब्द माहीत नाही एवढंच.
तिसरं, बी. पोटातल्या रॉडना हात लावायची गरजच नाही. पेडलापासून गिटारीपर्यंत जाणारा उभा रॉड आहे ना, गिटार पेटीत भरताना दर वेळी काढतोस तोच, कार्यक्रमापुरता बी चा अडकवू नकोस. दोन मिनिटांचं काम, मास्तरांना बिघडवलं म्हणायला काही उरणार नाही.
आणि जुनीगाणी_काका, बारने मींड निघते हे शंभर टक्के, पण बार सरकवला की दहाही तारा सरकतात. षड्ज जागेवर उभा ठेवून शेजारचा पंचम एकटाच धैवताकडे न्यायचा तर पायच लागतो. तेवढ्यासाठी तर हा सगळा सांगाडा.

जुनीगाणी_काका
हा मुद्दा मान्य. तरी काब्रा ऐकाच.

इंजिनीअर_भाऊ_पिंपरी
रोपचं उदाहरण चुकलं, कबूल. पण मग अशी तार टायटॅनियमची का नाही करत?

पेटीमास्तर
गांधाराचं ताईंनी बरोबर सांगितलं. आमच्या पेटीचं तेच दुखणं, गांधार चढाच बोलतो, करणार काय. वहिनींचा आवाज ढाला दिसतोय, पांढरी चार म्हणजे. रॉड कार्यक्रमापुरता सोडवायला माझी हरकत नाही. मास्तरांना विचारून सोडवा.

उडती_तबकडी
यांची हरकत कोणी विचारली होती 😀

प्लेनोचा_बंड्या
अपडेट. तारा उतरवून पाच दिवस झाले, एकही तुटली नाही. गांधार उतरवल्यावर बायको म्हणाली आज तुझं वाद्य सर्दी झाल्यासारखं वाजत नाहीये. कौतुक समजून घेतलं.
बी चा उभा रॉड सोडवला होता, तसाच विसरून काल मास्तरांकडे गिटार जोडली. बी वर पाय दिला तर पेडल नुसतंच लटकलं. मास्तरांनी खाली वाकून बघितलं, काही बोलले नाहीत, रॉड अडकवून दिला. मग अभंग ऐकवायला सांगितला. ऐकून म्हणाले बी राहू दे, पाय डावीकडे सरकवून बस, टाच जरा बाहेर, मग उजवी कड त्याच्यावर पडतच नाही. तसं बसलो तर चार ओळींत एकदाच मध्यम आला.
निघताना त्यांचा बार खाली घरंगळला तो काढायला मी वाकलो तर त्यांच्या गिटारीच्या पोटात उजव्या गुडघ्याला एक जास्तीचा लीव्हर दिसला, पाचव्या आणि नवव्या तारेला जोडलेला, मधला तुकडा घरी कापून वाकवलेला, मला दिलेल्या तक्त्यात तो कुठेच नाही. विचारलं हे काय. म्हणाले, ते वेगळं.

नॅशव्हिलकरीण
😂😂 तो काय करतो ते विचारून घे आणि इथे लिही. पाचवी आणि नववी एकत्र? खरंच जाणून घ्यायचंय.

पेटीमास्तर
चाळीस वर्षं वाजवल्यावर जोडला असेल.

उडती_तबकडी
तारीख विचार रे बंड्या.

सोलापुरी_शेंगा
धागा आवडला. माझा मुलगा आठवीत आहे, त्याला साधी गिटार शिकायची आहे, सोलापुरात सात रस्त्याजवळ कोणी चांगला क्लास घेतं का?