ऊसतोडीला गेलेल्या मुलांचं नाव शाळेतून काढता येतं का? तातडीने मदत हवी

बालाघाट_९०
नमस्कार मंडळी. माझ्या थोरल्या भावाची मुलं दिवाळीनंतर शाळेत गेलेली नाहीत. हेडमास्तर म्हणतात, हजेरी भरत नाही, आठवडाभरात मुलं वर्गात दिसली नाहीत तर नाव कमी करतो. दादा-वहिनी ऊसतोडीला आहेत आणि मुलं त्यांच्याजवळच. तिकडच्या शाळेत विचारलं तर म्हणतात दाखला आणा. इकडे दाखला मागितला तर म्हणतात आईवडिलांची सही आणा. मी पुण्यात कंपनीत आहे, रजा मिळत नाही. असं नाव काढता येतं का? किती टक्के हजेरी लागते? ज्याला पक्कं माहीत आहे त्यानेच सांगा, वेळ नाही.

सुलभा_क
मुलं कितवीत आहेत? वय काय? त्यावर सगळं अवलंबून आहे.

कोथरूडकर
७५ टक्के. सगळीकडे हाच नियम. माझ्या मुलाची बारावीला कमी पडली होती, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं आणि काम झालं. तुम्हीही जोडा.

खडूफळा
कोथरूडकर, ७५ टक्क्यांची अट बोर्डाच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी, म्हणजे दहावी-बारावीला. पहिली ते आठवीला २००९ चा शिक्षण हक्क कायदा लागतो. त्याच्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. मी जिल्हा परिषद शाळेवर आहे, स्थलांतर करणारी मुलं दरवर्षी माझ्या वर्गात असतात. आणि खोटं सर्टिफिकेट जोडायचा सल्ला कृपया देऊ नका.
बालाघाट, इयत्ता सांगा. शाळा कुणाची, झेडपीची की संस्थेची? कारखाना कुठला?

कोथरूडकर
खोटं कुणी म्हटलं? मुलगा खरंच आजारी होता.

बालाघाट_९०
मुलगी सातवीत, मुलगा पाचवीत. शाळा संस्थेची आहे, अनुदानित. कारखान्याचा काय संबंध? प्रश्न शाळेचा आहे.

खडूफळा
आहे संबंध. कारखाना महाराष्ट्रात असेल तर सरळ रस्ता आहे. गावच्या शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्यायचं आणि फडाजवळच्या, म्हणजे ऊसतोड चालते त्या शेताजवळच्या शाळेत ते दाखवून मुलांना बसवायचं. दाखला लागत नाही, नाव मूळ शाळेतच राहतं. परत आल्यावर तिकडच्या नोंदी याच कार्डावर घेऊन पुन्हा आपल्या वर्गात. मुलं निघायच्या आधीच कार्ड द्यायचं असतं. शाळेने दिलं नसेल तर ती शाळेची कसूर आहे.

फ्रँकफुर्टहून_मीरा
आमच्याकडे जर्मनीत शाळा हे कायद्याने बंधन आहे. सुट्टी लागायच्या दोन दिवस आधी मुलांना घेऊन भारतात निघालं तरी मुख्याध्यापकांची परवानगी लागते, नाहीतर पालकांना दंड होतो. घरी शिकवतो म्हटलं तरी चालत नाही. आपल्याकडेही पालकांवर अशी जबाबदारी टाकली पाहिजे, म्हणजे मुलांना कामाला नेणार नाहीत.

रानजाई
मीराताई, कामाला कोण नेतंय? ऊसतोडीत मजूर कोयत्यावर मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. उन्हाळ्या-पावसाळ्यात मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फेडायला दोघांनाही जावंच लागतं. घरी म्हातारं माणूस नसेल तर मुलांना ठेवायचं कुणाकडे? अशा आईबापाला दंड लावून मूल शाळेत येणार आहे का? आपल्या कायद्यात सक्ती आहे ती सरकारवर. कलम ८ आणि ९ वाचा. प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं ही जबाबदारी सरकारची आणि स्थानिक संस्थेची आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा तर वेगळा उल्लेख आहे. पालकाचं कर्तव्य मुलाला शाळेत घालण्याचं, पण दंडाचं कलम नाही.

इतिहासप्रेमी_सांगली
दंड आपल्याकडेही होता. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. त्याआधी बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ ला अमरेली भागात सुरुवात करून १९०६ मध्ये संस्थानभर सक्ती लागू केली. पण दोघांनी आधी गावोगाव शाळा काढायला पैसा ओतला, हे विसरू नये.

बालाघाट_९०
इतिहास नंतर बोला हो. कारखाना कर्नाटकात आहे, चिकोडीकडे. तिकडे हमी कार्ड चालतं का?

खडूफळा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. कार्ड महाराष्ट्राची योजना आहे, तिकडच्या शाळेवर ते बंधनकारक नाही. पण कलम ५ देशभर लागू आहे. मूल राज्यात किंवा राज्याबाहेर कुठेही गेलं तरी सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा त्याला हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवीन शाळेने प्रवेश अडवायचा नाही. अडवणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. चिकोडी-निपाणी भागात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत, जवळची शोधा. मुलांचा यूडायसचा (शाळांच्या सरकारी नोंदणीतला) पेन नंबर, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक, घेऊन ठेवा, तो देशभर तोच राहतो.

रानजाई
मला दाखला काढणं पटत नाही. एप्रिलमध्ये मुलं परत आली की पुन्हा प्रवेशाची धावाधाव, आणि त्या फेऱ्यांतच मुलगी घरी बसते. गावात आजी किंवा मामा-मावशी कुणी आहे का? हंगामी वसतिगृह योजनेत मुलं नातेवाइकांकडे राहतात आणि जेवणाची सोय शाळेकडून होते. सातवीच्या मुलीसाठी तालुक्यात कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय आहे का तेही बघा, ते निवासी असतं.

खडूफळा
हंगामी वसतिगृहाचे प्रस्ताव हंगामाच्या सुरुवातीला जातात. आता मध्येच नाव बसेल याची खात्री नाही. मुलं आज कुठे आहेत ते पाहून बोला.

रानजाई
मी त्याच पट्ट्यात काम करते सर, पाहूनच बोलते. केंद्रप्रमुखांनी मनावर घेतलं तर मुलं मध्येच सामावून घेतलेली मी पाहिली आहेत.

एक_वाचक
ओपन स्कूल किंवा १७ नंबर फॉर्म भरून शाळेत न जाता बाहेरून दहावी देता येते. आमच्या कामवालीच्या मुलाने दिली. शाळेची कटकटच नाही.

सुलभा_क
मुलं पाचवी-सातवीत आहेत.
बालाघाट, पाचवीच्या मुलाचं जास्त बघा. महाराष्ट्रात आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झाला तर पुनर्परीक्षा, त्यातही अडला तर त्याच वर्गात बसवतात. परीक्षेच्या आत त्याला कुठल्या तरी वर्गात नियमित बसवा. मुलगी सध्या दिवसभर काय करते?

बालाघाट_९०
धाकटं बाळ सांभाळते. आठ महिन्यांचं आहे. दादा-वहिनी पहाटे चारला फडात जातात, मग कोपीत (पाचटाच्या झोपडीत) पाणी भरणं, भाकरी, सगळं तीच करते. सातवीची पुस्तकं बरोबर नेली आहेत. फोनवर मला गणितं विचारते, पूर्णांकांची, मी सांगतो. वर्गात पहिल्या तिघांत असते हो ती. म्हणून जीव तुटतो. आमची आजी आहे गावात, पण तिला दिसत नाही. मावशी मात्र त्याच गल्लीत राहते.

रानजाई
मग मुलीला मावशीकडे आणा. बाळाचं काय करायचं ते वहिनींशी बोला, टोळीत कुणाची म्हातारी असेल तर विचारा. ही पोर यंदा बसली तर पुढच्या वर्षी तिच्या लग्नाच्या गोष्टी सुरू होतील. मी असं डोळ्यांसमोर होताना पाहिलंय.

खडूफळा
यावर रानजाईंशी सहमत. मुलगी मावशीकडे, मुलगा तिकडच्या मराठी शाळेत. मुलीचं नाव अजिबात काढू देऊ नका. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज करा की पालक ऊसतोडीसाठी स्थलांतरित आहेत, मुलगी अमुक तारखेला हजर होईल, नाव पटावर ठेवावं. प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. मुलाच्या दाखल्याच्या अर्जावर दादाची सही व्हॉट्सॲपवर मागवून प्रिंट काढा, मूळ कागद नंतर द्या.

बालाघाट_९०
मावशी हो म्हणाली. तिचा मुलगा आज दोन्ही अर्ज घेऊन शाळेत गेला होता. हेडमास्तरांनी ठेवून घेतले, बघतो म्हणाले.

खडूफळा
पोच घेतली का? शिक्का आणि तारीख?

बालाघाट_९०
नाही. मागितली नाही त्याने.

खडूफळा
उद्या अर्जाच्या दोन-दोन प्रती घेऊन पुन्हा पाठवा. एका प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, सही घेतल्याशिवाय परत येऊ नको म्हणावं. देत नसतील तर त्याच दिवशी पोस्टाने रजिस्टर करा आणि थेट पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. मुलगी कधी येतेय तेही कळवा.